दोन राउटर वायरलेस जोडताय? आधी ब्रिज की रिपीटर ते ठरवा

नवीन फायबर हॉलमध्ये आलं, आतल्या खोलीत रेंज नाही, मग माळ्यावरचा जुना राउटर काढायचा किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्वस्तातला एक आणायचा आणि त्याला "ब्रिज करायचं" असं सगळेच म्हणतात, पण त्यातल्या निम्म्या लोकांना खरंतर रिपीटर हवा असतो. दोन्हीत दुसरा राउटर पहिल्याचं वायफाय पकडतो, तिथपर्यंत सेम. पकडलेलं नेट पुढे कसं देतो, फरक तिथे आहे.

ब्रिजवाला ते फक्त लॅन पोर्टमधून, म्हणजे मागच्या केबल लावायच्या खाचेतून देतो. स्वतःचं वायफाय पसरवत नाही. म्हणजे डेस्कटॉप, टीव्ही, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर असं जे वायरने लागतं त्यासाठी हा एकदम बेस्ट, कारण त्याच्या रेडिओला एकच काम, पहिल्या राउटरशी बोलणं.

रिपीटर मोबाइलसाठी. पण एकच रेडिओ एका वेळी एकतर ऐकतो नाहीतर बोलतो, त्यामुळे डेटाचं प्रत्येक पॅकेट (तुकडा) त्याच चॅनलवर हवेतून दोनदा जातं आणि स्पीड साधारण निम्म्यावर येतो. "फुल रेंज दाखवतंय पण व्हिडिओ अडकतोय" ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा राउटर असेल तर मेन राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि मोबाइलना २.४ द्या, बराच फरक पडतो.

घोळ वाढवतात ती मेनूतली नावं. बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये "डब्ल्यूडीएस ब्रिजिंग" असा टिक बॉक्स असतो (डब्ल्यूडीएस म्हणजे राउटर एकमेकांना वायरलेस जोडायची सोय), तो केला तरी राउटरचं स्वतःचं वायफाय चालूच राहतं, म्हणजे नाव ब्रिज आणि काम रिपीटरचं. शिवाय डब्ल्यूडीएस वेगवेगळ्या कंपन्यांचं एकमेकांशी जमेलच असं नाही, शक्यतो दोन्ही राउटर एकाच कंपनीचे घ्या. आणि फायबरच्या मोडेममधला "ब्रिज मोड" तर तिसरीच गोष्ट, त्यात मोडेम राउटरचं काम सोडून देतो आणि पीपीपीओई लॉगिन (नेट कंपनीचं युजरनेम-पासवर्ड टाकून नेट चालू करणं) तुमच्या राउटरला करावं लागतं, आतल्या खोलीच्या रेंजशी त्याचा काहीच संबंध नाही, त्याला हात लावू नका.

डब्ल्यूडीएस करताना क्रम पाळा. मेन राउटरचा २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ वर फिक्स करा, दुसऱ्यावरही तोच ठेवा. मेनचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या, मग जोडणी करा, आणि दुसऱ्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी आपोआप वाटणारी सोय) सगळ्यात शेवटी बंद करा. ते आधीच बंद केलंत आणि लिंक लागली नाही तर लॅपटॉपला आयपीच मिळत नाही, मग हाताने १९२.१६८.१.५० वगैरे टाकून आत शिरावं लागतं. दुसऱ्याच्या वॅन पोर्टला (बाहेरच्या नेटची केबल लागते त्याला) काही लावायचं नाही.

जागा मात्र नीट निवडा. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं जात नाही, तिथे २.४ च धरा. आणि रेंज नाही त्याच खोलीत रिपीटर ठेवून उपयोग नाही, त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळेल अशा मधल्या पॅसेजमध्ये किंवा दाराच्या रेषेत ठेवा. कोथरूड-औंधकडच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी टीव्ही केबलचा पाइप भिंतीतून आतल्या खोलीपर्यंत गेलाय का बघा, गेला असेल तर त्यातून लॅन केबल ओढून घ्या, मग यातलं काहीच करायला नको.