प्रौढांना लिहा-वाचायला शिकवायचंय? ठाणे-नवी मुंबईत ‘उल्लास’ची नोंदणी कशी करायची

घरी कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, कोपऱ्यावरची भाजीवाली, यांच्यापैकी कुणीतरी कधीतरी मोबाइल पुढे करून “यात काय लिहिलंय बघ ना” असं विचारलेलं असतं. यांना शिकवायला हवं, असं वाटणारी माणसं ठाण्यात आणि नवी मुंबईत भरपूर आहेत. अडतं ते पुढे. नाव कुठे नोंदवायचं, कागदपत्रं कोणती, शिकणाऱ्याला शेवटी प्रमाणपत्र मिळतं का, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून ही सगळी माहिती एका ठिकाणी लिहीत आहे.

सरकारी योजनेचं नाव ‘उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम’. केंद्र सरकारची ही योजना २०२२ ते २०२७ या पाच आर्थिक वर्षांसाठी आहे. १५ वर्षं आणि त्यापुढच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रत्येकासाठी ती खुली आहे. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान (म्हणजे आकडे ओळखणं, साधा हिशेब) हा तिचा पहिला घटक. जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण हे पुढचे चार. आपल्याला स्वयंसेवक म्हणून पहिल्याशीच मुख्य काम पडतं. शिक्षणाची पातळी ढोबळमानाने तिसरीपर्यंतची.

राज्यात ही योजना पुण्याचं शिक्षण संचालनालय (योजना) राबवतं आणि जिल्ह्यात शिक्षणाधिकारी (योजना) हे पाहतात. पण तुमचा संबंध येणार तो जवळच्या शाळेशी. या योजनेत सगळं काम शाळा धरून चालतं. लिहिता-वाचता न येणारे लोक शोधायचं सर्वेक्षण शाळेतले शिक्षक करतात, वर्ग शाळेच्या आसपास भरतात आणि परीक्षेचं केंद्रही तीच शाळा असते. त्यामुळे जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेच्या मुख्यालयात खेटे घालण्याआधी वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. सकाळची शाळा सुटताना गेलात तर बोलायला निवांत वेळ मिळतो.

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची साक्षरता साधारण ८४.५ टक्के होती, आणि त्या वेळी पालघरही याच जिल्ह्यात होता. म्हणजे सात वर्षांवरच्या दर सहा-सात माणसांमागे एकाला लिहिता-वाचता येत नव्हतं. आकडा जुना आहे, पण दिघा, तुर्भे, वागळे इस्टेट, कळवा, मुंब्रा या भागांत फिरणाऱ्याला तो पटायला वेळ लागत नाही.

शिकायला कोण येऊ शकतं

वय १५ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. याच जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’त साठी ओलांडलेल्या आणि त्याहून कितीतरी मोठ्या आज्या गुलाबी साड्या नेसून पाटी घेऊन बसल्या. तेव्हा “आता या वयात कशाला” म्हणणाऱ्या मावशींना ती गोष्ट जरूर सांगा. त्या आज्या आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत, त्यामुळे ती जास्त लागू पडते.

लहानपणी एक-दोन वर्षं शाळेत गेलेले, पण आता काहीच वाचता येत नाही, असे लोक पुष्कळ आहेत. ते स्वतःहून म्हणतात, “माझं नाव शाळेत होतं, मला चालणार नाही.” तसं समजून मागे राहू देऊ नका. आज वाचता-लिहिता येतं का, हा खरा प्रश्न आहे. शाळेत जाऊन त्यांचं नाव सुचवा.

नवी मुंबईत कामासाठी आलेली बरीच कुटुंबं कर्नाटक, तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहारमधली आहेत. त्यांना मराठीतूनच शिकावं लागतं असं नाही. महाराष्ट्रात मराठीशिवाय हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली या माध्यमांतूनही परीक्षा देता येते. माध्यम नोंदणीच्या वेळीच नक्की करा. ज्या भाषेत माणूस घरी बोलतो, त्या भाषेत अक्षरं लवकर बसतात.

शिकवायला कोण जाऊ शकतं

याला बीएड-डीएडची अट नाही. वरच्या वर्गातले विद्यार्थी, कॉलेजची एनएसएस-एनसीसीची मुलं, गृहिणी, निवृत्त माणसं, अंगणवाडीताई, नोकरदार, सगळे चालतात. घरातल्या घरातही चालतं: नववीतली नात आजीला शिकवते, सून सासूबाईंना शिकवते. माझ्या मते सगळ्यात टिकणारी जोडी हीच, कारण वर्गाला जायची वेळ काढावी लागत नाही.

मानधन मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. योजनेची एकूण तरतूद १०३७.९० कोटी रुपयांची आहे, पण शिकवणं पूर्णपणे स्वयंसेवेवर उभं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच प्रत्येक साक्षर माणसाने निदान एकाला वाचायला शिकवावं अशी अपेक्षा मांडली आहे. शिकणाऱ्याकडूनही एक रुपया घ्यायचा नाही. नोंदणी, परीक्षा, प्रमाणपत्र, सगळं मोफत आहे. कुणी “फॉर्मचे पन्नास द्या” म्हणालं तर तिथून उठा आणि थेट मुख्याध्यापकांकडे जा.

कागदपत्रं

स्वयंसेवकाला ओळखपत्र (आधार असलं की काम सोपं होतं), चालू मोबाइल नंबर आणि स्वतःच्या शिक्षणाची व व्यवसायाची माहिती लागते.

शिकणाऱ्याची माहिती जरा जास्त भरावी लागते: पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, लिंग, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांगत्व असल्यास तसं, पत्ता, मोबाइल आणि ओळखपत्राचा क्रमांक. परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट आकाराचा फोटो आणि आधार, मतदान कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक यांपैकी एखादा पुरावा सोबत ठेवायला सांगतात.

इथे थांबून दोन गोष्टी नीट बघा. पहिली नावाची. बायकांच्या आधारवर सासरचं नाव असतं, रेशन कार्डावर दुसरंच आणि बँकेत तिसरंच. मावशी तोंडी जे नाव सांगतात ते लिहून मोकळं होऊ नका. प्रमाणपत्रावर फॉर्ममधलंच नाव येतं, म्हणून आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. अनेकींच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारीच असते, ती खरी नसली तरी फॉर्मवर आधारप्रमाणेच लिहा. दुसरी गोष्ट मोबाइलची. घरातला एकुलता एक फोन बहुतेक वेळा मुलाकडे असतो आणि मुलगा कामावर. ओटीपी तिकडे येतो, आपण इकडे बसून राहतो. फॉर्म भरायची वेळ त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा.

नोंदणीचा क्रम

‘उल्लास’चं मोबाइल ॲप जुलै २०२३ मध्ये आलं. ते उतरवून घ्या आणि स्वयंसेवी शिक्षक म्हणून आपल्या नंबरवरून नोंदणी करा. ओटीपी टाकला की माहितीचा फॉर्म उघडतो. राज्य निवडा, मग जिल्हा, मग पुढचा तपशील.

जिल्हा निवडताना नवी मुंबईकरांची हमखास गल्लत होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा पनवेल महापालिकेचा भाग मात्र रायगड जिल्ह्यात आहे. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असतं म्हणून खारघरचा माणूस ठाणे निवडतो, आणि मग त्याच्या घराजवळची शाळा यादीत सापडतच नाही. शिकणारी व्यक्ती राहते कुठे, ते आधी पक्कं करा.

शाळाही शिकणाऱ्याच्या वस्तीतली धरा, तुमच्या घराजवळची नको. तुम्ही वाशीत राहता आणि शिकणाऱ्या ताई तुर्भे स्टोअरला, तर शाळा तुर्भ्याची. वर्ग तिथे, परीक्षा तिथे. दिवसभर चार घरची कामं करून आलेल्या बाईला बस पकडून वाशीला यायला लावलं, तर ती येणार नाही.

ॲप जमत नसेल तर शाळेत छापील फॉर्म भरून देता येतो, शिक्षक त्यातली माहिती ऑनलाइन चढवतात. शिकणाऱ्याचं नाव शिक्षकांनी सर्वेक्षणात घेतलेलं असू शकतं, तसं असेल तर पुन्हा नवी नोंद करू नका. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या की परीक्षेच्या वेळी घोळ निस्तरत बसावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं नाव नोंदवलं गेलं, शिकणाऱ्याचंही नोंदवलं गेलं, तरी प्रक्रिया पूर्ण झालेली नसते. दोघांची जोडणी व्हावी लागते, म्हणजे कोण कुणाला शिकवतंय हे त्या शाळेच्या नावाखाली ॲपवर दिसायला हवं. हौसेने ॲपवर नोंदणी करून वाट बघत बसलेले बरेच स्वयंसेवक मला भेटले आहेत. त्यांना कुणी फोन केला नाही, कारण त्यांच्या नावापुढे शिकणारं कुणी नव्हतंच. म्हणून आधी माणूस शोधा, त्याला किंवा तिला विचारा, मग दोघं मिळून शाळेत जा आणि दोन्ही फॉर्म एकाच वेळी द्या. जोडणी झाली का, हे तिथल्या शिक्षकांना दाखवायला सांगा. ‘करतो’ म्हणाले तर आठवड्याने पुन्हा विचारा. शिक्षकांच्या डोक्यावर कामांचा डोंगर असतो. आपण आठवण केली तर त्यांनाही बरं वाटतं.

शिकवताना

एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेने प्रौढांसाठी प्रवेशिका, म्हणजे अक्षरओळखीची पहिली पुस्तकं, तयार केली आहेत. राज्यात एससीईआरटी या तशाच राज्यस्तरीय संस्थेमधलं राज्य साक्षरता केंद्र मराठी साहित्य बघतं. सरकारच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक पोर्टलवर आणि ‘उल्लास’ ॲपवर साहित्य मोफत मिळतं. छापील प्रत शाळेत मागून बघा.

गणिताबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवे स्वयंसेवक तिथेच चुकीच्या जागी जोर लावतात. भाजी विकणाऱ्या बाईला बेरीज-वजाबाकी शिकवायची नसते. पावकिलो गवार, अर्धा किलो टोमॅटो, पाचशेची नोट, परत किती द्यायचे, हे ती तुमच्या कॅल्क्युलेटरच्या आधी सांगते. तिला येत नाही ते हा हिशेब कागदावर उतरवणं. आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. त्यामुळे नवशिक्या हाताने पंचवीस म्हणून ५२ लिहिलं जातं. ही चूक वेंधळेपणाची नाही, ऐकल्याबरहुकूम लिहिलेलं असतं ते. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घेऊन बसा. दोन नोटा डावीकडे, पाच नाणी उजवीकडे, मग त्याखाली आकडा. तुर्भ्यातल्या एक मावशी वहीत सारख्या अडायच्या, नोटा मांडल्यावर त्याच बसल्या बैठकीला नव्व्याण्णवपर्यंत नीट लिहीत गेल्या.

प्रवेशिकेत देवनागरी आकडे असतात आणि फोनवर, वीजबिलावर बहुधा इंग्रजी. दोन्ही शेजारी शेजारी लिहून शिकवा. आणि वाचनाचा सराव पुस्तकाबाहेर काढा: एनएमएमटीची (नवी मुंबई महापालिकेच्या बसची) पाटी, ठाणे स्टेशनवर वाशी-पनवेलच्या गाड्यांचा ९ आणि १० नंबरचा फलाट, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत. सही मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवा. अंगठ्याच्या जागी सही केल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी वर्गाला न बोलावता येतो.

परीक्षा आणि प्रमाणपत्र

शेवटी ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी’ होते. राज्यात ती १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ ला झाली, दोन्ही रविवार. पुढची तारीख शाळेत कळते. प्रश्नपत्रिका १५० गुणांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण हवेत. वाचनात चाळीस पडले म्हणून गणितातले बारा भरून निघत नाहीत. तेव्हा कच्चा भाग कोणता, हे दोन महिने आधी ओळखा. सराव प्रश्नपत्रिका मिळतात, त्या सोडवून घ्या.

वेळ तीन तासांची, आणि ही परीक्षा सकाळी १० ते संध्याकाळी ५ या दरम्यान आपल्या सोयीने येऊन देता येते. दिव्यांगांना अर्धा तास जास्त मिळतो. घरकाम करणाऱ्या बायका, नाक्यावरचे मजूर यांच्यासाठी ही सवलत फार मोलाची आहे, पण ती त्यांना माहीतच नसते. “रविवारी सकाळी कामावर जावं लागतं” म्हणून परीक्षा सोडू बघणाऱ्या ताईला दुपारी दोनला यायला सांगा.

उत्तीर्ण झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत प्रमाणपत्र मिळतं. गुण कमी पडले तर ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा येतो आणि पुढच्या वेळी पुन्हा बसता येतं. नापास हा शब्द कुठेच नाही, आपणही तो वापरू नये. निकालानंतर प्रमाणपत्र शाळेतून घ्यायचं असतं. ते आपोआप घरी येईल या भरवशावर राहू नका.

आणि कुणाला पुढे शिकायचं असलं, तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी समकक्ष परीक्षा आहे, त्यापुढे दहावी. त्याची पात्रता, फी आणि अभ्यासक्रम वेगळा आहे. प्रवेशाची मुदत मंडळाच्या संकेतस्थळावर बघा आणि ‘उल्लास’चं प्रमाणपत्र, आधार, फोटो यांची एक फाइल आत्तापासूनच लावून द्या.