थॅलिडोमाइड घरी नेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चिठ्ठीवर थॅलिडोमाइड किंवा लेनालिडोमाइड असले की कॅप्सूल देण्याआधी आम्ही विचारतो, घरात कोणकोण असते? काहींना ही नसती चौकशी वाटते. काहीजण मोबाइलवर नाव शोधून घाबरून परत येतात: मुलांमध्ये व्यंग आणणारे औषध आमच्या वडिलांना कसे दिले?

ती भीती अनाठायी नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे औषध झोपेची निर्धोक गोळी म्हणून चिठ्ठीशिवाय विकायला आले. गरोदर बायका मळमळीवर ते घेऊ लागल्या. १९६१ च्या अखेरीस तिथे विक्री थांबली, तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलांना त्याचा फटका बसला होता. कुणाचे हात आखूड, कुणाला हातपायच नाहीत, कुणाच्या हृदयात दोष. गर्भधारणेनंतरचा साधारण तिसरा ते पाचवा आठवडा सर्वांत धोक्याचा, आणि तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. एक गोळीसुद्धा पुरते.

पुढे १९६४ मध्ये जेरुसलेमचे डॉ. जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनने (त्या आजारात अंगावर अचानक दुखऱ्या गाठी उठतात) तळमळणाऱ्या रुग्णाला निदान झोप लागावी म्हणून हेच औषध दिले. झोप लागली, आणि अंगावरच्या दुखऱ्या गाठीही ओसरल्या. या रिअॅक्शनसाठी अमेरिकेने १९९८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २००६ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठीही. लेनालिडोमाइड हे त्याचेच धाकटे भावंड, काळजी तीच.

अपाय आणि उपाय एकाच वाटेने होतात, हे २०१० नंतर उलगडले. पेशीत नको असलेली प्रथिने मोडीत काढणारी एक यंत्रणा असते. औषध तिच्यातल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते, आणि यंत्रणा भलतीच प्रथिने मोडू लागते. मायलोमाच्या पेशी ज्यांच्यावर जगतात ती प्रथिने गेली की त्या मरतात. गर्भात मात्र हातपाय घडवायला लागणारे प्रथिनही असेच नष्ट होते.

म्हणून हे औषध ज्याच्या नावाने आले, त्यानेच घ्यायचे. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या डब्यात ते टाकू नका. ब्राझीलमध्ये पाकिटावरचे फुली मारलेल्या गरोदर बाईचे चित्र पाहून काहींनी ते गर्भनिरोधक समजून घेतले, आणि तिथे पुन्हा अशी मुले जन्मली. आपल्या पाकिटावरचे चित्र घरातल्या प्रत्येकीला नीट समजावून सांगा. दिवस जाण्याची शक्यता असलेल्या बाईने औषध सुरू होण्याच्या चार आठवडे आधीपासून ते थांबल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत डॉक्टर सांगतील ती गर्भनिरोधक साधने वापरायची, चाचण्याही चुकवायच्या नाहीत. औषध वीर्यात उतरते. पुरुषांनी नसबंदी झाली असली तरी निरोध वापरावा. या काळात आणि नंतरचे चार आठवडे रक्तदानही नको. कॅप्सूल फोडू नये.

थॅलिडोमाइडने गुंगी येते, म्हणून ते रात्री झोपताना, जेवणानंतर तासाभराने घ्यावे. तळपाय बधिर होऊ लागले, चप्पल निसटली तरी कळेना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. एकच पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच तासाला दवाखाना गाठा. कुष्ठरोगाचे मूळ औषध रिअॅक्शन आली म्हणून बंद करू नका.

उरलेल्या कॅप्सूल शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊ नका, कचऱ्यातही टाकू नका. आम्हाला आणून द्या. काउंटरवर चारचौघांत विचारायला संकोच वाटला, तर दुपारी गर्दी कमी असताना या, आतल्या बाजूला बसून बोलू.