इंग्लंडच्या खालच्या फुटबॉल लीगमधील बढती, गटवाटप आणि अपील: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची कारणे

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले मराठी पालक मुलांना सरावाला सोडता सोडता गावातील क्लबच्या समितीवर केव्हा जाऊन बसतात, हे त्यांनाही सांगता येत नाही; आणि पत्रव्यवहार व हिशेब नीट ठेवतात हे एकदा लक्षात आले, की सचिवपदाची फाइल त्यांच्याच हाती सोपवली जाते. पुढील माहिती प्रामुख्याने अशा सचिवांसाठी आहे. दर वसंतात काही क्लब मैदानावर जिंकूनही कागदावर हरतात, आणि काही क्लब जे अपील टिकणारच नव्हते त्यावर सगळी शक्ती खर्च करून बसतात. दोन्ही गोष्टी बहुतांशी टाळता येतात.

प्रथम रचना थोडक्यात पाहू. व्यावसायिक लीगच्या खाली फुटबॉल असोसिएशनची, म्हणजे एफएची, ‘नॅशनल लीग सिस्टिम’ आहे आणि तिच्या सहा पायऱ्यांना सगळे ‘स्टेप’ असेच म्हणतात. स्टेप १ वर एकच देशव्यापी गट, स्टेप २ वर उत्तर आणि दक्षिण असे दोन, स्टेप ३ वर चार, स्टेप ४ वर आठ, स्टेप ५ वर सोळा आणि स्टेप ६ वर सतरा, अशी मांडणी २०२१ च्या फेररचनेपासून आहे. स्टेप ३ वरचा चौथा गट २०१८ मध्येच झाला होता. खालचा टप्पा २०२० मध्ये व्हायचा होता, पण महासाथीमुळे स्टेप ३ पासून खालचा २०१९-२० चा हंगाम रद्द करून निकालच पुसले गेले. जर्सी बुल्स या क्लबने त्या हंगामातले सर्व २७ लीग सामने जिंकलेले असूनही त्याला त्या वर्षी बढती मिळाली नाही. फेररचना अखेर वर्षभराने झाली, आणि तेव्हाही, पुसलेला तो हंगाम धरून, दोन अपूर्ण हंगामांतील गुणांच्या सरासरीइतकेच महत्त्व मैदानाच्या प्रतवारीला, म्हणजे सोयीसुविधा पाहून ठरवलेल्या दर्जाला, होते.

आता सर्वाधिक गैरसमज असलेला मुद्दा. या रचनेत गटांच्या सीमा कायमच्या आखलेल्या नाहीत. उत्तर कुठे संपते आणि दक्षिण कुठे सुरू होते हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. हंगाम संपल्यावर कोण वर गेले आणि कोण खाली आले याची बेरीज झाली, की प्रत्येक गटाची संख्या पुरी होईल अशा रीतीने एफएची समिती रेषा ओढते, आणि पुढच्या वर्षी ती पुसून पुन्हा ओढते. स्टेप २ चे उदाहरण घ्या. दोन गटांत मिळून ४८ क्लब असतात. त्यांतून चार वर जातात, आठ खाली जातात, स्टेप १ वरून चार खाली येतात आणि स्टेप ३ वरून आठ वर येतात. आलेल्या बारांपैकी आठ-नऊ दक्षिणेकडचे निघाले आणि गेलेल्यांत उत्तरेकडचे अधिक असले, तर दक्षिणेतला कोणी तरी ‘उत्तर’ होणारच. बिशप्स स्टॉर्टफर्ड हे गाव लंडनपासून आगगाडीने तासाभराच्याही आत आहे, तरी २०२३-२४ मध्ये तिथला क्लब उत्तर गटात खेळला, पार ईशान्य इंग्लंडमधील ब्लाइद आणि साउथ शील्ड्सपर्यंत धावला आणि तळाला राहून खाली गेला. पुढच्या हंगामात सफोकमधील नीडम मार्केटची पाळी आली. ग्लॉस्टर सिटीला तर २०१७ मध्ये उत्तरेतून दक्षिणेत आणि २०१९ मध्ये पुन्हा उत्तरेत पाठवण्यात आले. यात कोणाचा आकस नसतो; ही संगीत खुर्ची आहे, आणि रेषेजवळ राहणाऱ्याला ती खेळावीच लागते.

याच्याच जोडीला काउंटी असोसिएशनचा घोळ येतो. प्रत्येक क्लब एखाद्या काउंटी एफएला संलग्न असतो, आणि या संस्थांच्या हद्दी जुन्या काउंट्यांवर बेतलेल्या आहेत. मिडलसेक्स काउंटी प्रशासकीयदृष्ट्या १९६५ मध्येच संपली आणि हंटिंग्डनशर १९७४ मध्ये केंब्रिजशरमध्ये विलीन झाले, तरी दोघांच्या फुटबॉल संघटना आजही कार्यरत आहेत. त्यामुळे ‘आम्ही अमुक काउंटीचे, मग आम्हाला तमुक काउंटीच्या क्लबांबरोबर का टाकले?’ असा प्रश्न अपिलात हमखास येतो आणि हमखास निरुपयोगी ठरतो. संलग्नता शिस्तभंग, नोंदणी आणि काउंटी चषकासाठी असते. गटवाटपात पाहिले जाते ते तुमचे मैदान नकाशावर कुठे आहे. सचिवांचा पत्ता किंवा क्लबच्या नावातले गाव नव्हे. दुसऱ्या गावात भाड्याच्या मैदानावर खेळणाऱ्या क्लबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पात्रतेचा पहिला उंबरठा स्टेप ६ वर प्रवेश मिळवण्याचा. त्याखालच्या प्रादेशिक लीगमधून वर यायचे असेल तर केवळ गुणतक्त्यात वरचे स्थान पुरत नाही, स्वतंत्र अर्ज करावा लागतो. आणि या अर्जाची मुदत हिवाळ्यात, हंगाम ऐन मध्यावर असतानाच संपते. ‘आधी पहिले तर येऊ, मग अर्ज करू’ असे म्हणणारी समिती एप्रिलमध्ये चषक हाती घेऊन वरातीमागून घोडे हाकत असते. अर्ज केला आणि संघ सातवा आला तर फारसे काही बिघडत नाही. अर्ज केला नाही आणि संघ पहिला आला तर काहीच करता येत नाही. नेमकी तारीख, शुल्क आणि नमुना चालू हंगामाच्या परिपत्रकातून घ्यावा. मागच्या सचिवाने ठेवलेल्या जुन्या नमुन्यावर विसंबू नये.

दुसरी तारीख ३१ मार्च, आणि तिचा अर्थ चुकीचा लावणारे सर्वाधिक आहेत. बढतीसाठी विचार व्हायचा असेल तर मैदान त्या दिवशी आवश्यक प्रतवारीचे असले पाहिजे. त्या दिवसापर्यंत अर्ज पोहोचला, कंत्राटदार नेमला, निम्मे कुंपण उभे राहिले, पैसे बँकेत आले, यांपैकी काहीही पुरेसे नाही. हंगाम एप्रिलअखेरपर्यंत चालतो, म्हणजे बढती मिळणार की नाही हे कळण्याआधीच खर्च करून मोकळे व्हावे लागते. हे छोट्या क्लबांवर अन्याय करणारे आहे असे माझे मत आहे, पण नियम बदलेपर्यंत अंदाजपत्रक या नियमानुसारच मांडावे लागेल. वर गेल्यानंतर नव्या पायरीची प्रतवारी गाठण्यासाठी साधारणपणे पुढच्या ३१ मार्चपर्यंत अवधी मिळतो, आणि तो चुकला तर गुण कितीही असोत, खाली उतरावे लागते.

प्रतवारीतील बहुतेक बाबी पैशाने आणि चार शनिवारच्या श्रमदानाने सुटतात: मैदानाभोवतीचा पक्का कठडा, छताखालची जागा, पंचांसाठी वेगळी खोली, स्वच्छतागृहे. कठडा बाजूरेषेपासून किमान १.८३ मीटर दूर हवा. जुन्या मैदानांवर एका कोपऱ्यात हे अंतर कमी भरते आणि संपूर्ण खेळपट्टी सरकवून आखावी लागते, म्हणून फीत लावून चारही बाजू आधीच मोजून घ्याव्यात.

खरी अडचण फ्लडलाइटची. स्टेप ६ वर ते अनिवार्य आहेत, त्यांच्या प्रकाशाची मोजणी झाल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते ठरावीक काळाने नव्याने घ्यावे लागते. खांब उभारण्यासाठी स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानगी हवी. अशा अर्जावर निर्णयाचा वैधानिक कालावधी आठ आठवड्यांचा आहे, हे वाचून समित्या निर्धास्त होतात. प्रत्यक्षात मैदानाच्या कडेला जुनी झाडे, ओढा किंवा पडके छप्पर असेल तर कौन्सिल वटवाघळांची पाहणी मागते, कारण वटवाघळांना इथे कायद्याचे संरक्षण आहे आणि प्रखर दिव्यांनी त्यांचे मार्ग बदलतात. ही पाहणी वटवाघळे सक्रिय असतात त्याच काळात, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर या महिन्यांत, संध्याकाळी करावी लागते. ऑक्टोबरमध्ये अर्ज करणाऱ्या क्लबला ‘पाहणी अहवाल जोडलेला नाही’ असे पत्र येते, आणि मग पुढच्या मेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यावाचून गत्यंतर नसते. ३१ मार्च मधल्या मध्ये निघून जातो. कौन्सिलच्या कार्यालयातून हे आधी कोणी सांगत नाही. अर्ज दाखल झाल्यावर त्रुटी काढणे तेवढे तत्परतेने होते. म्हणून पुढच्या वर्षीच्या बढतीची तयारी या वर्षीच्या उन्हाळ्यात, पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाला दूरध्वनी करून सुरू होते.

अनुदानाबाबत एकच इशारा. फुटबॉल फाउंडेशनमार्फत मैदानसुधारणेसाठी निधी मिळू शकतो, परंतु मंजुरीचे पत्र हाती येण्याआधी काम सुरू केले तर त्या कामाला पैसे मिळत नाहीत. मार्चच्या धास्तीने घाई करून खड्डे खोदणाऱ्या क्लबांनी यात मोठ्या रकमा गमावल्या आहेत.

यानंतरचा कागद बहुतेकांकडे नसतो: मैदान वापरण्याचा टिकाऊ हक्क सिद्ध करणारा दस्तऐवज. ‘आम्ही तीन पिढ्या इथेच खेळतो’ हे खरे असले तरी समितीपुढे त्याला किंमत नाही. मालकीचा दस्त, भाडेपट्टा किंवा रीतसर परवाना यांपैकी काही तरी दाखवावे लागते, आणि येणारा संपूर्ण हंगाम त्यात बसतो हे स्पष्ट दिसावे लागते. दोन ठिकाणी हे फसते. एक, क्लब नोंदणीकृत कंपनी नसून साधी असंघटित मंडळी असेल, तर त्याला स्वतःच्या नावाने जमीन धारण करता येत नाही. भाडेपट्टा विश्वस्तांच्या नावे असतो, आणि कपाटातून तो बाहेर काढल्यावर कळते की चारपैकी तीन विश्वस्त दिवंगत झाले आहेत आणि चौथे ऑस्ट्रेलियात आहेत. नवे विश्वस्त नेमण्याचा दस्त वकिलाकडून करून घ्यावा लागतो, त्याला महिने लागतात. दोन, मैदान कौन्सिलच्या सार्वजनिक उद्यानात असेल, तर अशी खुली जागा भाडेपट्ट्याने देण्याआधी कौन्सिलला स्थानिक वृत्तपत्रात सलग दोन आठवडे जाहिरात देऊन हरकती मागवाव्या लागतात आणि त्यांचा विचार करावा लागतो. शिवाय मैदानाभोवती कुंपण घातले की कुत्रे फिरवणारे रहिवासी हरकत घेतात, ही जवळजवळ ठरलेलीच गोष्ट आहे. फेब्रुवारीत कौन्सिलला पत्र लिहून मार्चमध्ये भाडेपट्टा मिळेल अशी आशा कोणी धरू नये.

हा त्रास फक्त गावपातळीवरचा नाही. २०२४ मध्ये गेट्सहेड हा क्लब नॅशनल लीगमध्ये, म्हणजे स्टेप १ वर, सहावा आला आणि बढतीच्या बाद फेरीसाठी पात्र ठरला; पण वरच्या व्यावसायिक लीगला मैदानावर दहा वर्षांच्या ताब्याची हमी हवी होती, मैदान कौन्सिलच्या मालकीचे होते, आणि तशी हमी वेळेत मिळाली नाही. संघाला बाद फेरीतून वगळण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात या संघाने वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली. पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या क्लबची ही कथा असेल, तर आठवड्यातून दोन संध्याकाळी काम करणाऱ्या सचिवाने भाडेपट्ट्याची शेवटची तारीख आजच पाहून ठेवावी.

दुसऱ्या क्लबचे मैदान वाटून घेणार असाल तर लीगची संमती आणि लेखी करार, दोन्ही मुदतीआधी हवेत. दोन्ही संघांचा घरचा सामना एकाच शनिवारी आला तर कोणी हलायचे, हे करारात लिहिलेले असावे. ‘आपसात ठरवू’ या वाक्यावर पुढे भांडणे होतात.

आता अपील. गटवाटप साधारणपणे मे महिन्यात जाहीर होते आणि हरकतीसाठी मोजकेच दिवस मिळतात. समितीची बैठक बोलावून, ठराव करून, मग लिहायला बसू, इतकी उसंत त्यात नसते, म्हणून अपिलाचा अधिकार सचिव व अध्यक्षांना देणारा ठराव एप्रिलमध्येच करून ठेवावा. शुल्क भरल्याशिवाय अपील दाखल होत नाही. मजकुरात खेळाडूंच्या नोकऱ्या, पेट्रोलचा भाव आणि पाठीराख्यांची नाराजी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले असतात. ते सारे खरे असते आणि समोरच्या प्रत्येक क्लबलाही तेवढेच लागू असते. समितीचा प्रश्न वेगळा असतो: तुम्हाला हलवले तर तुमच्या जागी कोण? या प्रश्नाचे उत्तर न देणारे अपील सहसा फेटाळले जाते. त्यामुळे दोन्ही गटांतील प्रत्येक मैदानापर्यंतचे रस्त्याचे अंतर मांडून हंगामाची एकूण बेरीज दाखवावी, तुमच्याऐवजी ज्या क्लबला हलवणे सुचवता त्याची बेरीजही तितक्याच प्रामाणिकपणे दाखवावी, आणि तो क्लब राजी असेल तर त्याचे लेखी पत्र जोडावे. असे पत्र मिळणे दुर्मीळ आहे, पण दोन क्लबांना अदलाबदल सोयीची असल्याचे कधी कधी आढळते आणि त्यांनी एकमेकांना विचारलेलेच नसते. नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधील क्लबांनी अंतराचा मुद्दा जपून वापरावा, कारण रेषा कुठेही ओढली तरी त्यांचा प्रवास लांबचाच राहतो. गर्नसी बेटावरच्या क्लबने तर २०११ मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये येताना पाहुण्या संघांच्या प्रवासखर्चाची जबाबदारी स्वतःवर घेतली होती.

अपील मंडळाचा निर्णय अंतिम असतो. तो विरुद्ध गेला तर पुढचा अर्ज लीगच्या सामनेनियोजकाकडे करावा: आठवड्याच्या मधल्या सामन्यांसाठी घरचा वार कोणता हे नमुन्यात वेळेवर कळवावे, आणि सर्वांत लांबच्या मैदानांची नावे देऊन ते सामने मंगळवारी न ठेवता शनिवारी ठेवण्याची लेखी विनंती वेळापत्रक छापण्याआधी करावी. ती मान्य करणे बंधनकारक नाही. पण नंतर आलेल्या तक्रारीपेक्षा तिचा विचार होण्याची शक्यता बरीच अधिक असते.