हिरव्या मुकुटाचे वय

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुनी कुलपे आणि अडकित्ते यांच्या ढिगात मला पितळेचा एक लहानसा मुकुट दिसला. "देवळालीच्या गोऱ्या मेजरचा आहे साहेब, दुसऱ्या महायुद्धातला. हिरवा किती पडलाय बघा," असे विक्रेत्याने सांगितले. पितळ जितके हिरवे तितके जुने, ही समजूत त्याची एकट्याची नाही. सैन्यातील हुद्द्याचे जुने बिल्ले हौसेने जमवणारे अनेक जणही याच कसोटीवर पैसे मोजतात.

देवळालीचा उल्लेख खोटा असेलच असे नाही, कारण मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांची मोठी छावणी तेथे होती. मुकुट हे मेजरचे चिन्ह होते हेही खरे. मुकुटासोबत एक तारा असला की लेफ्टनंट कर्नल. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये, कारण १९०२ पूर्वी ब्रिटिश सैन्यातील कॅप्टनला दोनच तारे असत, तिसरा त्या वर्षी मिळाला. मुकुटाचा आकारही बोलका असतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात, १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोलावतात आणि १९५२ नंतर एलिझाबेथ राणीच्या काळात पुन्हा दबलेल्या कमानी आल्या. भारतीय सैन्याने २६ जानेवारी १९५० पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि जुन्या ताऱ्याच्या जागी पंचकोनी तारा स्वीकारला. त्यामुळे दबलेल्या कमानींचा मुकुट कोणी महायुद्धातील म्हणून दाखवला, तर तेथेच बोलणे संपते. माझ्या हातातील मुकुटाच्या कमानी गोल होत्या. परंतु नक्कल करणारा अस्सल बिल्ल्यावरूनच साचा काढतो, तेव्हा आकार बरोबर असण्याने फारसे सिद्ध होत नाही.

हिरवेपणाने तर त्याहूनही कमी सिद्ध होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यातील तांब्यावर ओलावा, हवेतील कार्बन डायऑक्साइड, घामातील क्षार यांची क्रिया होऊन हिरवे क्षार तयार होतात. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक एक रात्र राहिले तरी कळकते, हे आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. बंद डब्यात अमोनियाच्या वाफेवर टांगलेले नवे पितळ थोड्याच काळात शंभर वर्षांचे दिसू लागते. जुन्या तांब्याविषयीच्या भोळेपणावर याहून मोठे धंदे चालतात. तांदूळ ओढून घेणाऱ्या 'राइस पुलर' भांड्यांच्या नावाखाली लोकांनी लाखो रुपये घालवले आहेत. वास्तविक तांबे चुंबकीय नाही आणि तांदूळ तर नाहीच.

मग पाहायचे काय? बिल्ला ठोकलेला आहे की ओतलेला, हे पाहायचे. अस्सल बिल्ले बहुतेक पितळी पत्र्यापासून, दोन पोलादी ठशांमध्ये थंड अवस्थेत दाबून काढलेले असत. दाबाखाली धातू ठशाच्या बारीकसारीक रेघांत शिरतो, त्यामुळे मुकुटावरील मणी सुटे आणि टोकदार उठतात. नंतर कडेचा जादा पत्रा कापला जातो, आणि त्या कापात भिंगाखाली दोन पट्टे दिसतात: पाते सरकले तेथे गुळगुळीत, पत्रा तुटला तेथे खरखरीत.

ओतकामाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे. पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होते आणि तेथून आपल्या खोलीच्या तापमानापर्यंत थंड होताना आकसत जाते. प्रत्येक अंशामागे त्याची लांबी लाखात सुमारे दोन भागांनी कमी होते. सुमारे ८७० अंशांची उतरण धरली, तर एकूण घट पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येते. अस्सल बिल्ल्यावरून घेतलेल्या साच्यात पितळ ओतले, की नक्कल अस्सलापेक्षा तेवढी लहान निघते. २५ मिलिमीटरच्या बिल्ल्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर. डोळ्याला हे कळत नाही, व्हर्निअर कॅलिपरला कळते. वेगवेगळ्या कारखान्यांचे ठसे मुळातच लहानमोठे असत, म्हणून एकाच मापावर निकाल देता येत नाही; पण रुंदी, उंची, दोन मण्यांतील अंतर हे सगळेच एकाच प्रमाणात घटलेले असेल, तर ते धातूच्या आकसण्याशिवाय अन्य कशाने होणे अवघड आहे.

थंड ठोकलेल्या धातूत आणखी एक गोष्ट उरते, ती म्हणजे ताण. धातूचे स्फटिककण दाबले, ओढले जातात आणि पूर्ववत होऊ शकत नाहीत. ब्रिटिश सैन्याला हा धडा भारतातच मिळाला. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया ओलाव्यात मिसळून, ताणाखाली असलेल्या पितळेच्या कणांमधील सीमांवर हल्ला करतो आणि भेग कणाकणांच्या मधून पुढे सरकते, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. काडतुसे मंद आचेवर तापवून ताण काढून टाकणे, हा त्यावरील उपाय. म्हणून जुन्या ठोकीव बिल्ल्याच्या खोल वळणांत केसासारख्या भेगा आढळल्या, तर त्याला लगेच टाकाऊ ठरवू नये.

माझ्या एका स्नेह्यांच्या घरी आजोबांच्या पेटीत त्याच नमुन्याचा, मागे त्याच कारखान्याची छाप असलेला मुकुट आहे. त्याची रुंदी २५.३० मिलिमीटर भरली, बाजारातल्याची २४.८६; उंची अनुक्रमे २७.६० आणि २७.१४. दोन्हींतील घट पावणेदोन टक्क्यांच्या अगदी जवळ. भिंगाखाली बाजारातल्या मुकुटाचे मणी एकमेकांत वितळल्यासारखे दिसले, मागच्या छापेची अक्षरे पुसट होती, खोलगट भागात हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे होते आणि कडेला कापाऐवजी कानशीचे ओरखडे होते. ओल्या कापसाने पुसल्यावर हिरवा रंग निळसर होऊन कापसावर उतरला. स्नेह्यांच्या मुकुटावर हिरवेपणाचा मागमूस नाही, नुसती तपकिरी झाक आहे. त्यांच्या घरातल्यांना तो दिवाळीला चिंच-मीठ लावून लख्ख करायचा होता. आम्लाने ती झाक जाईल आणि घासण्याने कडेचे ते दोन पट्टेही झिजतील, एवढे सांगून मी तो पुन्हा सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवायला लावला.