संघटित गुन्हेगारीच्या खटल्यातील साक्षीदारांना संरक्षण: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि तिच्या कलम 111 मुळे खंडणी, जमीन बळकावणे, सुपारी घेऊन खून करणे असे टोळ्यांचे गुन्हे देशभर एकाच व्याख्येखाली आले. महाराष्ट्रात ‘मकोका’, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, 1999 पासूनच आहे. मात्र कायदा कितीही कडक केला, तरी टोळीविरुद्धचा खटला बहुतेक वेळा साक्षीदाराच्या जबानीवरच उभा राहतो आणि धमकी आल्यावर दाद कुठे मागायची, हे त्याला कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना त्यासाठीच आहे. पुढील माहिती त्या योजनेनुसार दिली आहे. राज्याची स्वतंत्र तरतूद असल्यास तिचा नमुना सरकारी अभियोक्त्याच्या कार्यालयातून घ्यावा.

गुन्ह्याची माहिती किंवा कागदपत्र ज्याच्याजवळ आहे, ती कोणतीही व्यक्ती या योजनेत साक्षीदार ठरते; आईवडील, जोडीदार, भावंडे, मुले आणि नातवंडे यांनाही संरक्षण मागता येते. महिलांविरुद्धचे काही गुन्हे सोडले, तर गुन्ह्याची कमाल शिक्षा मात्र सात वर्षे किंवा त्याहून अधिक असावी लागते. जुन्या दंड संहितेत साध्या खंडणीला कमाल तीनच वर्षांची शिक्षा होती, ती नव्या संहितेच्या कलम 308 मध्ये सात वर्षांपर्यंत वाढली आहे. त्यामुळे कलम 111 लागले नसले तरी खंडणीच्या गुन्ह्यातील साक्षीदाराला अर्ज करता येतो, ही अनेकांच्या नजरेतून सुटलेली आणि अतिशय मोलाची सुधारणा आहे.

अर्ज साक्षीदाराला स्वतः, कुटुंबीयांमार्फत, वकिलामार्फत किंवा तपास अधिकाऱ्यामार्फत करता येतो. जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या समितीकडे तो सदस्य सचिवांमार्फत, म्हणजे जिल्ह्यातील अभियोग विभागाच्या प्रमुखांमार्फत, सादर होतो. नमुन्यात साक्षीदाराचा तपशील, गुन्हा क्रमांक, कलमे, पोलीस ठाणे, आरोपींची माहिती, धमकी देणाऱ्याचे नाव, हवे असलेले संरक्षण आणि सहकार्याचे हमीपत्र येते.

सर्वाधिक काळजी धमकीच्या रकान्यात घ्यावी. ‘जिवाला धोका आहे’ एवढेच लिहिलेल्या अर्जातून पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या क्रमांकावरून फोन आला आणि नेमके कोणते शब्द वापरले गेले, हे लिहावे. सोबत प्राथमिक माहिती अहवालाची प्रत, आधीच्या तक्रारीची पोच आणि संदेशांच्या छापील प्रती जोडाव्यात. मूळ मोबाईल जपून ठेवावा, त्यातील काहीही पुसू नये.

त्यानंतर संबंधित उपविभागाचे सहायक पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक पाच कामकाजाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल देतात आणि तो मिळाल्यापासून तितक्याच दिवसांत समिती बंद दालनात निर्णय घेते. तोवर थांबणे धोक्याचे असेल, तर अंतरिम संरक्षण त्याच अर्जात मागावे. फोन क्रमांक बदलून घेणे, घराभोवती गस्त, न्यायालयापर्यंत पोलीस सोबत, तात्पुरते स्थलांतर असे उपाय मिळू शकतात. माहिती खोटी निघाल्यास मात्र खर्च वसूल होतो.

आदेश मान्य नसल्यास 15 दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही आणि खटले वर्षानुवर्षे चालतात, म्हणून मुदत संपण्याच्या पुरेसे आधी वाढीची मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.