आम्ल माती, ॲल्युमिनियम आणि मुळांची टोके

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत पसरलेल्या जांभ्याचा लाल रंग लोहामुळे येतो. त्याच चिऱ्यात ॲल्युमिनियमही भरपूर असते, पण ते रंगावरून कळत नाही. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात त्याचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. एरवी ते मातीच्या कणांत जखडलेले असते आणि झाडांना त्याचा उपद्रव होत नाही. मातीचा सामू (pH; तो जितका कमी, तितकी माती आम्ल) साधारण ५ च्या खाली गेला, की मात्र ते विरघळून मातीतल्या पाण्यात उतरते.

याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो थंड प्रदेशांतल्या सूचिपर्णी वृक्षांवर. (आपल्या किनाऱ्यावरची सुरू तशी दिसते, पण ती सपुष्प वनस्पती आहे.) जर्मनीतले मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिख यांनी १९८० च्या सुमारास मांडले, की आम्लवर्षेमुळे मातीत सुटणारे ॲल्युमिनियम जंगलांची बारीक मुळे मारत असावे. मग अनेक प्रयोगशाळांत स्प्रूस आणि पाइन या सूचिपर्णी वृक्षांची रोपे आम्लधर्मी पोषक द्रावणात वाढवून पाहिली गेली.

पहिला घाव बसतो तो मुळाच्या टोकावर. मूळ लांब होते ते टोकाजवळच्या काही मिलिमीटर भागातच. तिथल्या पेशींच्या भित्तिकांत पेक्टिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या ऋणभाराला एरवी कॅल्शियम धरून असते. तीन धनभारांचे ॲल्युमिनियम कॅल्शियमला हुसकावून अधिक घट्ट चिकटते. भित्तिका ताठर होते, पेशीला लांबता येत नाही, पेशीविभाजनही मंदावते. मुळे आखूड, जाडसर, तपकिरी होतात आणि त्यांना फुटवे कमी येतात. शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आत घेणे अवघड होते. मुळे मोजकीच असलेल्या रोपट्याला हे फार महागात पडते, कारण माती सुकू लागली की त्याला खालच्या ओलाव्यापर्यंत पोहोचता येत नाही.

म्हणून ॲल्युमिनियम किती आहे एवढेच पाहून भागत नाही, त्याच्या तुलनेत कॅल्शियम किती आहे तेही पाहावे लागते. पाइन स्प्रूसपेक्षा बरेच सोशिक ठरते. मुळांभोवती राहणाऱ्या काही बुरशाही रोपाला आडोसा देतात. प्रत्यक्ष जंगलात तर कुजलेल्या पानांतली सेंद्रिय द्रव्ये ॲल्युमिनियमला बांधून ठेवतात. त्यामुळे द्रावणात दिसलेली हानी तिथे तेवढीच होईल असे नाही. उलरिख यांच्या मांडणीवर वाद झाला तो मुख्यतः इथेच, आणि मला तो वाद फार मोलाचा वाटतो.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलात एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेट पसरले गेले. मातीची आम्लता उतरली आणि पुढे तिथल्या लाल स्प्रूसची हिवाळ्यातली हानीही कमी झाली.

गोव्यात माती आम्ल व्हायला आम्लवर्षेची गरजच नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडणारा पाऊस युगानुयुगे कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेत आला आहे. काजू हे सोसतो. तो मूळचा ब्राझीलचा, आणि तिथल्याही बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आहेत. भाजीपाल्याच्या अनेक पिकांना मात्र हे झेपत नाही. तिथे चुना सामू वाढवतो आणि शेणखत ॲल्युमिनियमला अडकवते. पण वरून भुरभुरलेला चुना खाली फार हळू उतरतो. त्यामुळे माती तपासून, लागवडीआधी तो खड्ड्यातल्या मातीत खोलवर मिसळलेला बरा.