लसीची टक्केवारी आली कुठून? भायखळा जेलपासूनची गोष्ट

कोविडच्या काळात आपल्या ठाण्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक हिशोब फिरायचा, लस ७० टक्के प्रभावी म्हणजे घेतलेल्या शंभरातले तीस जण आजारी पडणारच. अजूनही लोक असंच बोलतात आणि मला ते ऐकवत नाही. लस न घेतलेल्यांत आजाराचं जेवढं प्रमाण दिसलं त्याच्या तुलनेत घेतलेल्यांत ते किती कमी झालं, ते ही टक्केवारी सांगते. आणि अशी तुलना जिथे जिथे करून बघितली गेली त्यातली एक जागा आपल्या स्लो लोकलच्या रस्त्यावरच आहे, भायखळा.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी लस बनवायला घेतली. मटणापासून केलेल्या रश्श्यात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना धरून जंतूंचे बारीक झुबके खाली लोंबत वाढायचे, ते हलवून पाडायचे, परत वाढू द्यायचे, आणि शेवटी तापवून सगळे मारून टाकायचे. मेलेला जंतू आजार देत नाही, पण शरीर त्याला ओळखतं, अँटीबॉडी बनवतं, आणि काही पेशी ती ओळख जपून ठेवतात, मग खरा जंतू आला की शरीर लगेच कामाला लागतं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी लस आधी स्वतःला टोचून घेतली, केवढं धाडस!

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळा जेलात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. घेतलेल्यांत केसेस बऱ्याच कमी निघाल्या. पण आपणहून पुढे येणारे मुळातच जास्त धडधाकट असतील तर? ही शंका राहतेच.

१८९८ ला बडोद्याजवळच्या उंडेरा गावात त्यांनी घराघरातल्या साधारण निम्म्या माणसांनाच लस दिली, म्हंजे छप्पर तेच, उंदीर तेच, पिसवाही त्याच. मला विचाराल तर सगळ्यात भारी प्रयोग हाच. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला तिथे लस न घेतलेल्या ६४ पैकी २७ जणांना तो झाला आणि २६ गेले, घेतलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ गेले. ४२ टक्क्यांवरून ११ वर, म्हणजे आजारापासून बचाव साधारण ७३ टक्के, आणि मृत्यूपासून बघाल तर जवळपास ९०. लस एकच, पण काय मोजताय त्यावर आकडा बदलतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

१९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या संख्याशास्त्रज्ञांनी अशा तुलनेच्या अटी नीट मांडल्या, दोन्ही गट सारखे हवेत, संसर्गाची शक्यता सारखी हवी. १९५४ च्या पोलिओ ट्रायलमध्ये लाखो मुलांवर प्लासिबो, म्हणजे लसीसारखंच दिसणारं पण लस नसलेलं इंजेक्शन, वापरून तुलना झाली.

२०२० च्या फायझर ट्रायलमध्ये दोन्ही गटांत १८-१८ हजारांच्या वर माणसं मोजली गेली, प्लासिबोवाल्यांत १६२ केसेस, लसवाल्यांत ८. त्यातून आले ९५ टक्के, आणि १८ हजारांतले आजारी पडले ते आठच. अर्थात हा आकडा तेवढ्या महिन्यांचा आणि तेव्हाच्या व्हायरसचा, पुढे ओमिक्रॉन आला तेव्हा इन्फेक्शनपासूनचा बचाव बराच घसरला, गंभीर आजारापासूनचा मात्र जास्त टिकला.